‘पोचलो’ हा मेसेज फोनने आपला आपण पाठवावा, अशी काही सोय आहे का?

निपानियाकर
मंडळी नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतोय, विषय आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या, रागावू नका.

मी राहतो इंदूरला, निपानियात, ऑफिस सुपर कॉरिडॉरला आणि आई रामबागेत जुन्या घरी एकटी असते. आमच्याकडे यायला तयार नाही, मंगळवारचं भजनी मंडळ आणि नारायण बागेतली तिची मैत्रीण सोडून तिला करमत नाही, तो वेगळा धागा होईल. बाबा गेल्यापासून तिची एकच अट आहे, संध्याकाळी घरी पोचलो की कळवायचं. गप्पा मारायला नको, नुसतं पोचलो एवढं कळलं पाहिजे, मग ती भाकरी टाकते. आणि मी विसरतो. मुद्दाम नाही हो, गाडी लावली, लिफ्टमध्ये कोणी भेटलं, दार उघडलं की पोरगं अंगावर, मग चहा, मग कुणाचा तरी फोन, आणि साडेनऊला आईचा फोन बायकोला, बायकोने नाही उचलला तर खालच्या वॉचमनला. वॉचमनचा नंबर तिने कधी मिळवला देव जाणे. तो इंटरकॉमवर म्हणतो, साहब माताजी पूछ रही हैं आप जिंदा हो क्या.

तर मला असं पाहिजे की मी बिल्डिंगपाशी आलो की फोनने स्वतःच आईला मेसेज टाकावा. आईकडे बटणांचा फोन आहे, व्हॉट्सॲप नाही, म्हणजे साधा एसएमएस. माझा अँड्रॉइड. कोणी असं करून बघितलंय का?

भियाराम
भिया राम! पोचलो टाइप करायला पाच सेकंद लागतात, त्याच्यासाठी एवढी झंझट?

निपानियाकर
पाच सेकंदच लागतात, पण ते आठवायला पाहिजेत ना भिया.

जुनी_इंदूरकर
विषय वाचून हसू आलं. लग्न करून मी इंदूरला आले ते साल १९७४. निघताना वडिलांनी हातात पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड दिलं होतं, मजकूरही त्यांनीच लिहिलेला, "सुखरूप पोचले, काळजी नसावी". मी फक्त स्टेशनबाहेरच्या पेटीत टाकायचं. म्हणजे तुमचा ऑटोमॅटिक मेसेज तेव्हाही होताच. ते कार्ड सोलापूरला पोचलं पाचव्या दिवशी, आणि पाच दिवस कोणाला काही झालं नाही. खुशालीचं कार्ड म्हणायचे त्याला. घाईचं काम असेल तर तार, पण तार म्हटली की घरात आधी रडारड आणि मग वाचन. ती तारही २०१३ च्या जुलैत बंद झाली.

टॉवरवाला
निपानियाकर, होतं, पण तुम्हाला वाटतंय तेवढं सरळ नाही. मी याच धंद्यात आहे (टॉवर, ॲप नाही) म्हणून जरा लांबण लावतो.

याला जिओफेन्स म्हणतात. नकाशावर एक गोल काढायचा, फोन त्या गोलात शिरला की ठरलेलं काम करायचं. लोकांना वाटतं फोन सारखा जीपीएस लावून बसलाय. तसं केलं तर बॅटरी दुपारीच संपेल. फोन बहुतेक वेळा आजूबाजूचे मोबाइल टॉवर आणि वायफायची नावं हुंगत अंदाज बांधतो, जीपीएस अगदी गरज पडली तर. म्हणून गोल लहान काढून उपयोग नाही. अँड्रॉइडवाले स्वतःच सांगतात की त्रिज्या कमीत कमी १०० ते १५० मीटर ठेवा. निपानियात ठीक आहे, पण तुमची आई राहते त्या बाजूला किंवा राजवाड्याच्या गल्ल्यांत १५० मीटर म्हणजे अर्धा बाजार आत आला.

दुसरं, मेसेज त्याच सेकंदाला जात नाही. ॲप मागे पडून असेल तर सरासरी २-३ मिनिटं लागतात, आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर ६ मिनिटांपर्यंत. आयफोनचं तंत्र जरा वेगळं, तो हद्द ओलांडून थोडं आत जाऊन २० सेकंद काढल्याशिवाय पोचला असं मानत नाही, नाहीतर हद्दीवर उभ्या माणसाचे दहा मेसेज जातील. अँड्रॉइडमध्ये यासाठीच वेगळी सोय आहे, गोलात शिरून अमुक मिनिटं तिथेच थांबला तरच पोचला समजायचं. घरासमोरून नुसता गेलेला माणूस त्यात सापडत नाही.

तुमच्यासाठी मॅक्रोड्रॉइड हे ॲप बघा. फुकटात पाच मॅक्रो (म्हणजे ‘असं झालं की तसं कर’ असे नियम) करता येतात, तुम्हाला एकच पाहिजे. वर "जागा, आत शिरल्यावर" आणि खाली "एसएमएस पाठव". लोकेशनची परवानगी "नेहमी" अशी द्यायची, "ॲप वापरताना" दिली तर चालणार नाही. अँड्रॉइड ११ पासून ती "नेहमी" समोर विचारतच नाही, सेटिंगमध्ये शिरून द्यावी लागते, अर्धे लोक इथेच अडकतात. आणि "अचूक लोकेशन" चालू ठेवा, अंदाजे वाल्यावर हे होत नाही.

निपानियाकर
वा, एवढं कोण सांगतं आजकाल. आज रात्रीच करतो. एसएमएसचे पैसे लागतील का?

टॉवरवाला
रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात बहुतेक. अगदी स्वस्तातलं पॅक असेल तर बघून घ्या. दोन सिम असतील तर कुठल्या सिमवरून जायचं तेही ठरवून द्या, नाहीतर आई म्हणेल हा नंबर कोणाचा.

चिकूची_आई
आमच्याकडे दोघींचे आयफोन आहेत, मी आणि लेक. ती विजय नगरला रात्रपाळी करते, कंपनीची कॅब सोडते पण कधी एक वाजता कधी अडीच. पूर्वी मी जागी बसायचे. आता ती निघताना मेसेजेसमध्येच चेक इन लावते, २०२३ मध्ये आयओएस १७ बरोबर आलं ते. कुठे जायचंय आणि कशाने ते सांगायचं, पोचली की मला आपोआप कळतं. पण मला आवडतं ते त्याच्या उलटं. गाडी पुढे सरकत नाहीये असं वाटलं की फोन आधी तिलाच विचारतो, सगळं ठीक आहे ना, आणि तिने १५ मिनिटांत उत्तर नाही दिलं तर मग मला कळवतो, ती कुठे आहे, बॅटरी किती, रेंज किती. फोनच बंद पडला तरी कळतं. तोपर्यंत मला तिचा रस्ता दिसत नाही, आणि मला बघायचाही नाही.

एक अडचण म्हणजे दोघांकडे आयफोन पाहिजे आणि आयमेसेज (ॲपलची स्वतःची मेसेजची सोय) चालू पाहिजे. आयमेसेज चालू होताना फोन गुपचूप एक परदेशी एसएमएस पाठवतो, प्रीपेडमध्ये बॅलन्स नसेल तर नुसतं गोल फिरत बसतं. आमचे दोन दिवस त्यात गेले, शेवटी दुकानातल्या मुलाने सांगितलं काकू पन्नासचा टॉपअप टाका.

भियाराम
म्हणजे आई साधा फोन ठेवेल तर मुलाने पण आयफोन घ्यायचा नाही. बचत झाली की.

तुकोगंजकर
मी सगळ्यात सोपं सांगतो. गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग कायमचं चालू ठेवा घरातल्या सगळ्यांचं. आमच्याकडे पाचही जणांचं आहे. कोण कुठे आहे ते बसल्या जागी दिसतं. २०२२ पासून त्यात पोचल्याची आणि निघाल्याची सूचना पण लावता येते. कोणी मेसेज पाठवायलाच नको. लपवायचं काही नसेल तर भीती कसली?

सूनबाई_नं_१
बरं झालं तुकोगंजकरांनी लिहिलं, मला धाग्यात शिरायला कारण मिळालं.

काका, तुमच्या घरातल्या पाच जणांपैकी तुमचं लोकेशन बघायची वेळ कोणावर किती वेळा येते? तुम्ही दिवसभर घरी. ज्याचं बघितलं जातं ती बाहेर जाणारी सून किंवा कॉलेजातली मुलगी. आमच्याकडे सासूबाईंनी हौसेने सगळ्यांच्या फोनमध्ये एक फॅमिलीचं ॲप टाकून घेतलं, सुरक्षिततेसाठी. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यापासून मी भाजी घेऊन आले की प्रश्न, अगं मालवा मिलला चाळीस मिनिटं काय करत होतीस? मी भेंडी निवडत होते हो. नवरा त्याच दिवशी छप्पन दुकानला दोन तास बसलेला, त्याला कोणी विचारलं नाही. पोचल्याचा मेसेज मी आनंदाने टाकीन, रोज टाकते, पण रस्ता माझा आहे.

तुकोगंजकर
सूनबाई, राग मानू नका. तुम्ही म्हणता तो वापराचा दोष झाला, सोयीचा नाही. गूगलवालं तरी चोरून होत नाही, कोणी तुमच्या पोचण्याची सूचना लावली की तुम्हालाही कळतं, आणि लोकेशन शेअर करतोय याची आठवण अधूनमधून येत राहते.

सूनबाई_नं_१
कळतं, बरोबर. पण कळल्यावर नको म्हणायची सोय फोनमध्ये असते, घरात असते का ते सांगा.

टॉवरवाला
यात एक भर. असल्या फॅमिली ॲपमध्ये तुमचं लोकेशन फक्त घरच्यांकडे जातं असं समजू नका. लाइफ३६० हे त्यातलं सगळ्यात मोठं ॲप, ते लोकेशनचा डेटा दलालांना विकतं अशी बातमी डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत आली होती. नंतर त्यांनी नेमकं लोकेशन विकणं बंद करतो असं जाहीर केलं. मुद्दा एवढाच की पोचलो हा एक शब्द पाठवायला दिवसभराचा माग कोणाच्या सर्व्हरवर ठेवायची गरज नाही. निपानियाकरांच्या मॅक्रोमध्ये सगळं फोनच्या आतच ठरतं, बाहेर जातो तो एक एसएमएस.

निपानियाकर
अपडेट द्यायला आलो. चर्चा गरम झालीये तर जरा पाणी टाकतो.

पहिले चार दिवस एकदम झक्कास. आठ वाजून काही मिनिटांनी "आई मी घरी पोचलो" जायचा, मी तेव्हा अजून गाडीच लावत असायचो. पाचव्या दिवशी गेलाच नाही. सहाव्या दिवशी पण नाही. चिनी कंपनीचा फोन आहे, आणि तो बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागच्या ॲपचा गळा दाबतो हे नंतर कळलं. ऑटोस्टार्ट चालू केलं, बॅटरीचं बंधन काढलं, मग परत चालू. पण तोपर्यंत माझा विश्वास उडाला होता म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं जिओफेन्स नको, घरचं वायफाय लागलं की मेसेज जाऊ दे. घरात शिरल्याशिवाय वायफाय लागतच नाही, यात चुकायला काय आहे?

तर परवा रात्री पाऊस आला आणि आमच्याकडे लाइट गेली. इन्व्हर्टरवर राउटर नाहीये. पावणेतीनला लाइट आली, राउटर चालू झाला, माझा फोन उशाशी होता तो वायफायला लागला, आणि आईला मेसेज गेला, "आई मी घरी पोचलो".

रात्री २:५१.

आई त्या वेळी जागीच असते. तिने बायकोला फोन केला. मी शेजारी घोरतोय. बायको झोपेत म्हणाली, आई ते इथेच आहेत. आई म्हणाली, आत्ता आला ना? बायको म्हणाली नाही हो साडेआठला आले. आई म्हणाली, तू त्याची बाजू घेऊ नकोस, माझ्याकडे लेखी आहे.

भियाराम
माझ्याकडे लेखी आहे 😂😂 भिया हे टीशर्टवर छापा

चिकूची_आई
ऑफिसमध्ये वाचून जोरात हसले, सगळे बघतायत.

टॉवरवाला
वायफायवर ठेवायचं तर दोन अटी घाला. एक वेळेची, संध्याकाळी ७ ते ११ मध्येच. दुसरी अशी की जिओफेन्स आणि वायफाय दोन्ही लागले पाहिजेत, म्हणजे आधी गोलाच्या बाहेर गेलेला माणूस आत आला तरच. बसल्या जागी वायफाय गेलं आलं तर ते पोचणं नाही.

धुळे_मार्गे
मी या धाग्यातला प्रवासी. महिन्यातून दोनदा इंदूर-पुणे, रात्रीची बस. आमच्या घरात पोचलो हा मेसेज फक्त पुण्याचा नसतो, वडिलांना खलघाटला नर्मदा ओलांडली की एक, सेंधवा सोडलं की एक आणि धुळं आलं की एक असा पाहिजे असतो. त्यांनी आयुष्यभर हा रस्ता ट्रकने केलाय, गणपती घाटात आणि बिजासनच्या घाटात काय काय बघितलंय त्यांनाच माहीत, त्यामुळे मी त्यांना काही बोलत नाही.

हे तीनही मी जिओफेन्सवर लावले होते. बसमध्ये झोपतो ना मी. नर्मदेचा बरोबर जायचा. सेंधव्याचा कधी जायचा कधी नाही, कारण बिजासन घाटात माझ्या सिमला रेंज धड नसते, मेसेज फोनमध्येच अडकून बसायचा आणि शिरपूरला रेंज आली की सुटायचा. म्हणजे वडिलांना वाचायला मिळणार "सेंधवा सोडलं", वेळ रात्री साडेअकराची, आणि गाडी तिथून कधीच पुढे निघालेली. ते मनात हिशोब करतात, साडेअकराला सेंधवा म्हणजे धुळं अमुक वाजता, आणि धुळ्याचा लगेच पाठोपाठ आला की म्हणतात, ड्रायव्हर किती पळवतोय रे, कंपनीचं नाव सांग.

मग मी तिन्ही मेसेजमध्ये फोनच्या घड्याळातली वेळ पण घालायला लावली, मॅक्रोत ते होतं. आता उशिरा मिळाला तरी कधीचा आहे ते कळतं. घाटातल्या लोकांनी एवढं नक्की करा.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी, व्हेअर इज माय ट्रेन ॲप इंटरनेट नसलं तरी टॉवरवरून गाडी कुठे आहे ते सांगतं आणि स्टेशन यायच्या आधी अलार्म वाजवतं. पण तो आपल्याला उठवायला, घरच्यांना कळवायला नाही.

जुनी_इंदूरकर
माझ्या यजमानांचं फिरतीचं काम होतं. सेंधव्याला एसटीडी बूथवरून ते दोन रिंग देऊन ठेवून द्यायचे. दोन रिंग म्हणजे ठीक, तीन म्हणजे उचल. पैसे वाचायचे. एकदा दोन रिंग वाजल्या आणि शेजारच्या मुलाने उचलला, म्हणाला हॅलो. पलीकडून यजमान म्हणाले, अरे ठेव गाढवा पैसे लागतायत. म्हणजे तुमचं वायफाय काय नि आमचा शेजारी काय.

प्रभात_फेरी
जरा विषयांतर पण उपयोगाचं. निपानियाकर, तुमच्या आईकडे बटणांचा फोन आहे म्हणालात, त्या एकट्या असतात. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकायच्या फोनला पॅनिक बटण बंधनकारक झालंय. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा. ११२ ला जातो. त्यांचा फोन नंतरचा असेल तर पुस्तिकेत बघून त्यांना दाखवून ठेवा.

निपानियाकर
धन्यवाद, फोन २०१९ चा आहे, रविवारी बघतो.

निपानियाकर
रविवारी गेलो होतो रामबागेला, म्हणून परत लिहितोय, थोडं लांब होईल.

टॉवरवाल्यांच्या दोन्ही अटी घातल्यापासून मॅक्रो व्यवस्थित चाललाय, तीन आठवड्यांत एकदाच चुकला, त्या दिवशी माझा फोन ऑफिसातच बंद पडला होता. ९ वाजून ५ मिनिटांनी आईचा फोन, तोही वॉचमनला नाही, सरळ माझ्या मेहुण्याला, तू गाडी काढ आणि सुपर कॉरिडॉरपर्यंत बघून ये. मेहुणा निघाला पण बिचारा. मी घरी वरण-भात खात होतो, फोन चार्जिंगला.

मला तेव्हा चीड आली होती. मी म्हटलं, आई महिन्याभरापूर्वी मी आठवड्यातून तीनदा विसरायचो तेव्हा तू साडेनऊपर्यंत थांबायचीस आणि नुसती ओरडायचीस. आता पाच मिनिटांत माणसं पाठवतेस? ती काही बोलली नाही.

रविवारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात आकडा. ८:१२. ८:१७. ८:०९. ८:४० च्या पुढे कंसात पाऊस. दुधाचा हिशोब पूर्वीपासून ती तिथेच लिहायची, त्याच्या खाली मी. आणि फोन बंद पडला त्या दिवसाच्या चौकोनात आकडा नाही, नुसता गोल, पेन इतकं दाबून फिरवलेलं की मागच्या महिन्याच्या पानावर उठलंय.

मग लक्षात आलं. मी विसरायचो तेव्हा मेसेज नाही आला तर तिला एक उत्तर तयार असायचं, विसरला असेल, वेंधळा आहे, बापावर गेलाय. मशीन विसरत नाही हे मीच तिला चार वेळा समजावलेलं. आता मेसेज नाही याचा अर्थ माझं काहीतरी झालं, दुसरा अर्थ मीच शिल्लक ठेवला नाही. वेंधळेपणाची जी सवलत होती ती मी हाताने काढून टाकली, आणि वर तिच्यावरच चिडलो.

चिकूची_आई
निपानियाकर, म्हणूनच मी ते उलटं वालं आवडतं म्हटलं होतं. तुमच्या मॅक्रोत मेसेज नाही याचे सतरा अर्थ होतात, फोन बंद, रेंज नाही, ॲप मेलं, राउटर गेला, माणूस गेला. चेक इनमध्ये मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक, आणि बिघडलं तर तो आधी माझ्या लेकीला विचारणार, मग मला. गप्प राहण्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो.

टॉवरवाला
ताई बरोबर बोलल्या. आम्ही टॉवरला पण तेच करतो. टॉवर दर काही मिनिटांनी मी जिवंत आहे सांगत असतो, एक चुकला म्हणून कोणी जीप घेऊन निघत नाही, लागोपाठ ठरावीक चुकले की मग माणूस जातो. किती चुकल्यावर निघायचं ते आधी कागदावर असतं. तुमच्या मेहुण्याला एकाच चुकलेल्यावर पाठवलं.

सूनबाई_नं_१
मला त्या आकड्यांची भीती वाटली खरं सांगते. उद्या ८:१२ चा ८:५० झाला की कुठे होतास विचारणार.

निपानियाकर
विचारून झालं 🙂 ८:४० ला पाऊस नव्हता, मी पोहे खायला थांबलो होतो, पाऊस मीच सांगितला. रात्रीचे पोहे इंदूरात मिळतात यात माझा काय दोष.

तर आता असं केलंय. टॉवरवाल्यांनी लिहायच्या आधीच आईनेच सुचवलं खरं म्हणजे. मेसेजमधून वेळ काढून टाकली, आणि मॅक्रोला सांगितलं की पोचल्या पोचल्या नको, मी पोचलो असेन तर ९ वाजता पाठव. रोज ९ लाच. नाही आला तर ती साडेनऊपर्यंत थांबणार, मग आधी मला, मग बायकोला, मग वॉचमनला, मेहुणा शेवटी. कॅलेंडरवर आता नुसती टिकमार्क असते. भाकरी ती साडेआठलाच टाकते म्हणाली, तुझ्यासाठी उपाशी राहायला मी काही वेडी नाही. म्हणजे वाट बघून टाकते हे मला सांगायचं होतं बहुतेक.

धुळे_मार्गे
९ ची आयडिया चोरतोय. वडिलांना सकाळी ७ ला एकच मेसेज. बघू ऐकतात का. (ऐकणार नाहीत.)

नवा_भिडू
मी पूर्ण धागा वाचला नाही, पण आईकडे स्मार्टफोन असेल तर हेच व्हॉट्सॲपवर आपोआप पाठवता येतं का?

टॉवरवाला
सरळ नाही. अँड्रॉइडवर बाहेरचं ॲप व्हॉट्सॲपमध्ये मजकूर भरून देऊ शकतं, पाठवायचं बटण माणसाने दाबायचं. काही जण ॲक्सेसिबिलिटीची परवानगी देऊन ते बटण ॲपकडूनच दाबून घेतात, पण ती परवानगी म्हणजे घराची किल्ली आहे, ओळख असल्याशिवाय देऊ नका. शिवाय फोन लॉक असला की अडतं. एसएमएस गरीब आहे पण कामाचा.

जुनी_इंदूरकर
निपानियाकर, एक विचारू का? मंगळवारचं भजन, रामबाग, बटणांचा फोन, मेहुणा इंदूरातच, आणि लेकाला रात्री पोहे लागतात. तुमच्या आई एकादशीला गूळ घालून शेंगदाण्याची आमटी करतात का?

निपानियाकर
…हो. का?

जुनी_इंदूरकर
नारायण बागेतली मैत्रीण मी आहे रे. ती मला रोज सव्वानऊला फोन करून सांगते, आला हो माझा मेसेज. त्या रात्रीचा २:५१ चा किस्सा तिने मला तेव्हाच सांगितला होता, फक्त त्यात राउटर नव्हता.

निपानियाकर
काकू. नमस्कार. पोह्यांचं आईला सांगू नका.

जुनी_इंदूरकर
सांगून झालं. मगाशीच.